फोटोच्या पोटातली चिठ्ठी

वेबसाइटवर फोटो चढवला की शीर्षक, तारीख, ठिकाण आणि टॅग आपोआप भरले जातात, ही सोय आता सगळ्यांच्या सवयीची झाली आहे. माहिती फोटोच्या फाइलमध्येच दडवलेली असते, वेबसाइट ती वाचून घेते. एवढं सोपं वाटतं. पण इंदूरमधलं एखादं जुनं मराठी मंडळ आपला गणेशोत्सवाचा, कीर्तनांचा, नाट्यप्रयोगांचा संग्रह ऑनलाइन आणायला बसतं, तेव्हा हे ‘आपोआप’ लंगडायला लागतं. काही फोटोंना टॅगच येत नाहीत, काहींवर भलतीच तारीख चिकटते, काहींची देवनागरी चेंदामेंदा होऊन उतरते. दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. खरं तर फाइलच्या पोटात वेगवेगळ्या काळांतल्या, वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या गरजेपुरत्या केलेल्या चिठ्ठ्या एकावर एक बसल्या आहेत, आणि त्यांपैकी एकही देवनागरी डोळ्यांसमोर ठेवून केलेली नव्हती.

माहिती फोटोपासून सुटू नये ही खटपट मात्र इंदूरला नवी नाही. लाला दीनदयाळ रुडकीत शिकून १८६६ मध्ये इथल्या बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकांच्या कामावर लागले आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. पुढे ते हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार म्हणून गाजले, पण त्यांचा पहिला स्टुडिओ इंदूरचाच. त्यांच्या कित्येक छापील फोटोंच्या कडेला क्रमांक आणि जागेचं नाव दिसतं. ते कागदावर मागाहून लिहिलेलं नसतं, काचेच्या निगेटिव्हवरच लिहिलेलं असतं. त्यामुळे त्या काचेवरून जितक्या प्रती निघतील तितक्यांवर नाव उमटणारच. मूळ वस्तूतच नाव कोरायचं म्हणजे प्रत कुठेही गेली तरी ते सोबत जातं, हे तत्त्व तिथे पुरतं आलं आहे.

१९१४ मध्ये कोडॅकने हेच साध्या गिऱ्हाइकाच्या हाती दिलं. ‘ऑटोग्राफिक’ कॅमेऱ्याच्या पाठीला एक छोटी खिडकी असे. ती उघडून धातूच्या टोकाने फिल्मच्या कडेवर तारीख, गाव, नाव लिहायचं, म्हणजे ते निगेटिव्हवर कायमचं बसायचं. हेन्री गाइसमन यांच्या या युक्तीसाठी जॉर्ज ईस्टमन यांनी तीन लाख डॉलर मोजले होते. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला हा प्रकार बंद पडला. लोक घाईत असतात, फोटो काढून झाल्यावर थांबून लिहायला कोणाला वेळ आहे? या प्रश्नाचं उत्तर आजही मिळालेलं नाही.

मंडळांकडचे बहुतेक जुने फोटो या दोन्ही वाटांनी गेले नाहीत. पाठीवर पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ, किंवा अल्बमच्या काळ्या कागदावर पांढऱ्या शाईतलं नाव, एवढीच त्यांची नोंद. स्कॅनरच्या काचेवर फोटो पालथा ठेवला की चेहरे काचेकडे जातात आणि ती ओळ छताकडे बघत राहते. फाइल तयार होते, ओळ मागे राहते. म्हणून पाठीचाही स्कॅन घ्यावा हे मी ज्याला-त्याला सांगतो, ऐकतात कमीच.

फाइलच्या आत माहिती ठेवण्याची गरज सगळ्यांत आधी वर्तमानपत्रांना भासली. वृत्तसंस्था आणि वृत्तपत्रांच्या संघटनांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये इंटरनॅशनल प्रेस टेलिकम्युनिकेशन्स कौन्सिल, म्हणजे आयपीटीसी, स्थापन केली. फोटो तारेवरून आणि मग संगणकावरून जाऊ लागले, तेव्हा ‘हा कोणी काढला, कुठला, खाली काय छापायचं’ हे फोटोसोबतच पोचायला हवं होतं. त्यासाठी १९९०च्या दशकाच्या आरंभी या कौन्सिलने अमेरिकन वृत्तपत्र संघटनेच्या साथीने एक नमुना ठरवला. त्यात ठराविक रकाने होते: मथळा, छायाचित्रकार, शहर, फोटोओळ, कीवर्ड. त्याच दशकाच्या मध्यावर फोटोशॉपने हे रकाने जेपीईजी फाइलमध्ये भरायची सोय दिली आणि वृत्तपत्रांच्या कचेरीतली पद्धत साध्या वापरणाऱ्यांपर्यंत आली. आज वेबसाइटवर जे आपोआप टॅग होतं, त्याचा सगळ्यांत जुना आणि अजून जिवंत असलेला झरा म्हणजे हा कीवर्डचा रकाना.

त्याला एक मर्यादा आहे. प्रत्येक रकान्यात किती बाइट मावतील ते ठरलेलं आहे: फोटोओळीला २,०००, एका कीवर्डला ६४, शहराला ३२ आणि छायाचित्रकाराच्या नावालाही ३२. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, तेव्हा कीवर्डला ६४ अक्षरं भरपूर झाली. देवनागरीची गोष्ट वेगळी. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत आपलं प्रत्येक अक्षर तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांचेही प्रत्येकी तीन वेगळे. म्हणजे छायाचित्रकाराच्या नावाला जेमतेम दहा चिन्हं मिळतात. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव लिहायची रीत. दहात काय होणार?

इंदूरचंच उदाहरण घेऊ. अनंत चतुर्दशीच्या रात्री इथे गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, निघतात. गिरण्या बंद पडल्या तरी झांक्या निघतातच. त्या फोटोंना कोणीही सहज टॅग देईल: ‘अनंत चतुर्दशीची मिरवणूक’. मोजून बघा. ‘अनंत’ची चार चिन्हं, ‘चतुर्दशीची’ची दहा, ‘मिरवणूक’ची सात, मिळून एकवीस. एकवीस त्रिक त्रेसष्ट, आणि मधल्या दोन मोकळ्या जागांचे दोन. झाले ६५. मर्यादा ६४. नियम पाळणारं सॉफ्टवेअर शेवटचा एक बाइट छाटतं, पण तो ‘क’चा तिसरा बाइट असतो, त्यामुळे ‘क’च मोडतो आणि ‘मिरवणू’च्या पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उभं राहतं. नियम न पाळणारं सॉफ्टवेअर सगळे ६५ बाइट बिनदिक्कत लिहून टाकतं. एका कार्यकर्त्याने एका प्रोग्रॅममधून टॅग लावले आणि दुसऱ्याने दुसऱ्यामधून, की वेबसाइटवर एकाच मिरवणुकीचे दोन टॅग होतात, त्यांतला एक लुळा. ‘ची’ काढून ‘अनंत चतुर्दशी मिरवणूक’ लिहिलं तर ५९ बाइटमध्ये काम भागतं. या असल्या गोष्टी कुठल्या मार्गदर्शिकेत मराठी माणसाला कोणी सांगत नाही.

याच्या आधीचं एक पाऊल तर आणखी वाईट होतं. हा नमुना ठरला तेव्हा युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची एकच संकेतमाला, नुकतं जन्माला येत होतं. मजकूर कोणत्या लिपीच्या संकेतांत आहे हे सांगायला नमुन्यात एक वेगळा रकाना आहे, पण अनेक प्रोग्रॅम तो भरत नसत आणि अनेक वाचत नसत. मग देवनागरी बाइट रोमन समजून वाचले जायचे, आणि ‘इंदूर’च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि चलनाचं गोल चिन्ह यांच्या चार जोड्या आणि त्यांत एक ‘ए’-येनच्या चिन्हाची जोडी अशी रांग दिसायची, मधेमधे आणखी काहीबाही घेऊन. असे टॅग दिसले तर घाबरू नये. मजकूर मेलेला नसतो, चुकीच्या चष्म्यातून वाचलेला असतो, आणि बहुधा परत मिळवता येतो. शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या ओळींचं तसं नाही; त्यांना आधी रूपांतरातून काढावं लागतं.

दुसरी चिठ्ठी कॅमेऱ्याची. १९८६ मध्ये अल्डस कंपनीने टिफ हा फाइल प्रकार आणला. त्यात प्रत्येक माहितीला एक क्रमांक दिलेला असतो आणि त्या क्रमांकालाच ‘टॅग’ म्हणतात. जपानी इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने हाच सांगाडा उचलून १९९५ मध्ये एक्झिफ हे मानक केलं. शटरचा वेग, भिंगाचं छिद्र, तारीख-वेळ, आणि पुढे जीपीएसवरून अक्षांश-रेखांश, हे सगळं कॅमेरा स्वतः लिहितो. कोडॅकच्या खिडकीला जे जमलं नाही ते इथे जमलं, कारण माणसाला थांबून काही लिहायचंच नव्हतं. पण यंत्र फक्त आपल्यापुरतं जाणतं. कोणता प्रसंग, पुढच्या रांगेत कोण, हे त्याला कुठून कळणार? काही ऑलिंपस कॅमेरे तर वर्णनाच्या रकान्यात ‘ऑलिंपस डिजिटल कॅमेरा’ एवढंच लिहून मोकळे होत, आणि वेबसाइटी ते इमानेइतबारे फोटोओळ म्हणून छापत. जगभरात लग्नांचे, डोंगरांचे, मांजरांचे फोटो त्या एकाच ओळीखाली सापडतात.

तारखेचा घोळ याच चिठ्ठीतला. १९६५ सालच्या फोटोचा २०१६ मध्ये स्कॅन घेतला तर फाइलमध्ये बहुधा २०१६ हीच तारीख असते, आणि वर्षावरून आपोआप टॅग लावणारी वेबसाइट तो फोटो त्याच वर्षाच्या कप्प्यात टाकते. गंमत म्हणजे उपाय वृत्तपत्रांच्या जुन्या नमुन्यातच आहे: तिथल्या तारखेच्या रकान्यात महिना आणि दिवस ठाऊक नसेल तर शून्यं लिहायची मुभा आहे. साल माहीत, तिथी विसरली, अशा आपल्या घरगुती आठवणींना याहून सोयीचं काय असणार? जीपीएसचंही असंच. राजवाडा आणि सराफा एकमेकांना लागून, फोनची चूक पाच-पंचवीस मीटरची. अक्षांश-रेखांशावरून जागेचं नाव काढणारी सेवा सराफ्यातल्या फोटोला खुशाल राजवाड्याचा टॅग देते.

ध्वनिफितींचा मार्ग निराळा, पण दुखणं तेच. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी एमपी३ फाइलच्या शेवटी १२८ बाइटची पुरवणी जोडली, आयडी३ नावाची. गाण्याच्या नावाला ३० बाइट, गायकाला ३०. युटीएफ-८ मध्ये लिहिलं तर ‘अमीर खाँ’ २२ बाइटमध्ये बसतात. ‘कुमार गंधर्व’ यांना ३४ लागतात. प्रकारांची यादी मुळात ८० नावांची, त्यात पोल्का होता, नाट्यसंगीत नव्हतं. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीने जागेची टंचाई संपवली.

फोटोंच्या बाबतीत ती संपवली तिसऱ्या चिठ्ठीने, फोटोशॉपवाल्या अडोबीच्या एक्सएमपीने, २००१ मध्ये. बाइटची मर्यादा नाही, युनिकोड पहिल्यापासून, आणि एकाच फोटोओळीची मराठी, हिंदी, इंग्रजी रूपं शेजारी-शेजारी ठेवता येतात. इंदूरसारख्या गावाला हे वरदानच, कारण इथे एकाच सभागृहात तिन्ही भाषांचे वाचक बसलेले असतात. मात्र भाषेनिहाय रूपांची ही सोय शीर्षक आणि वर्णनाला आहे. कीवर्ड सगळे एकाच पोत्यात जातात, त्यामुळे ‘होळकर’ आणि ‘होलकर’ हे वेबसाइटला दोन वेगळे टॅग वाटतात. ती जोडणी मंडळाला आपली यादी करूनच करावी लागते.

वेबसाइटींनी या चिठ्ठ्या उघडायला सुरुवात केली ती यानंतर. २००४ मध्ये सुरू झालेल्या फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटने टॅगची कल्पना घराघरांत नेली, आणि फोटोतले आयपीटीसी कीवर्ड चढवतानाच टॅग म्हणून उचलायची सोय दिली. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरच्या २००८ च्या २.५ आवृत्तीपासून फोटोतलं शीर्षक आणि फोटोओळ वाचली जाऊ लागली. कीवर्डही पुढे वाचले जाऊ लागले. पण वर्डप्रेस ते नुसते साठवून ठेवतं. त्यांचे टॅग करायला वेगळं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, लागतं. आणि वाचण्याचा क्रम आधी आयपीटीसी, मग एक्झिफ असा आहे. एक्सएमपी त्यात नाही. म्हणजे ज्या चिठ्ठीत मराठीला ऐसपैस जागा आहे, नेमकी तीच प्लगइनशिवाय बंद राहते.

तिन्ही चिठ्ठ्यांत वेगवेगळं लिहिलं असेल तर खरं कोणतं मानायचं, यावर अडोबी, ॲपल, कॅनन, मायक्रोसॉफ्ट, नोकिया आणि सोनी यांनी एकत्र बसून २००८ मध्ये नियम काढले. पाळणारे पाळतात.

याच काळात उलटी चालही सुरू झाली: चिठ्ठ्या फाडण्याची. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल दाबून लहान केली जाते आणि आतली माहिती निघून जाते. मंडळांचे फोटो जमा होतात ते नेमके तिथल्या ग्रुपवर. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर फाइल जशीच्या तशी येते, इतकी साधी गोष्ट आहे. फाडणं नेहमी वाईटच असंही नाही. डिसेंबर २०१२ मध्ये अँटिव्हायरसवाले जॉन मॅकअफी पोलिसांना चुकवत फिरत होते. एका मासिकाने त्यांचा फोटो वेबवर टाकला आणि त्यातल्या अक्षांश-रेखांशांवरून ते ग्वाटेमालात असल्याचं लगेच उघड झालं. आपल्याकडे कोणाच्या घरच्या हळदीकुंकवाचा फोटो मंडळाच्या वेबसाइटवर चढतो तेव्हा त्या घराचा पत्ताही चढतो. अशा फोटोंतून जीपीएस काढावं, कीवर्ड ठेवावेत; वेगळं करता येतं.

आता राहिला नावांचा प्रश्न. फोटोत कोण आहे ते लिहायला आयपीटीसीने २००८ मध्ये स्वतंत्र रकाना दिला, पण तो फक्त एक्सएमपीत आहे; जुन्या नमुन्यात त्याला जोड नाही, आणि नुसत्या वर्डप्रेसला तो दिसतही नाही. २०२३ च्या एक्झिफ ३.० मध्ये युटीएफ-८ आलं, तेही पुढच्या कॅमेऱ्यांसाठी. त्यामुळे सत्कारमूर्ती, कीर्तनकार, नाटकातली मंडळी यांची नावं तूर्त त्या स्वतंत्र रकान्यात लिहून भागत नाही; कीवर्डमध्येही परत लिहावी लागतात, बाइट मोजून.