मॉनिटरचे इंच आणि टेबलाची खोली

मॉनिटर इंचांत विकला जातो आणि ते इंच तिरके मोजले जातात. ही पद्धत दूरचित्रवाणीच्या सुरुवातीच्या काचेच्या नळ्यांपासून आली. त्या नळ्यांचं तोंड गोल असायचं, म्हणून व्यास सांगितला की आकार कळायचा. पुढे तोंड चौकोनी झालं, तरी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजायची रीत राहिली. नागपूरच्या सीताबर्डीत मॉनिटर घ्यायला गेलं की आजही आधी ‘किती इंची?’ असंच विचारतात. टेबल किती खोल आहे, ते भिंतीला लावलंय का, बसणाऱ्याला चाळिशी लागली आहे का, हे प्रश्न क्वचितच निघतात. डोळ्यांचं आणि मानेचं सुख मात्र या मागच्या प्रश्नांवर ठरतं. ते मागे पडण्याला कारणं आहेत आणि ती बरीच जुनी आहेत.

पहिलं कारण किरणोत्सर्गाची भीती. ‘टीव्हीला नाक लावून बसू नकोस’ हे आपल्या घराघरांत बोललं गेलेलं वाक्य. त्या काळजीला जगभर बळ देणारी एक घटना १९६७ साली अमेरिकेत घडली. जनरल इलेक्ट्रिकच्या काही मोठ्या रंगीत टीव्ही संचांतून प्रमाणाबाहेर क्ष-किरण बाहेर पडत असल्याचं आढळलं. कंपनीला ते संच दुरुस्तीसाठी परत बोलवावे लागले आणि लोकांना लांब बसायला सांगण्यात आलं. पुढच्याच वर्षी तिथे अशा उपकरणांसाठी कायदा झाला. दोष त्या संचांचा होता, पण भीती सगळ्याच पडद्यांना चिकटली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत संगणकाचे पडदे आले, तेव्हा मोतीबिंदूपर्यंतच्या शंका निघाल्या. १९८३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने सगळा पुरावा तपासला. पडद्यांच्या किरणांनी डोळ्यांना इजा होते असं त्यात दिसलं नाही. त्रास होता तो प्रकाशाची तिरीप, अस्पष्ट अक्षरं आणि चुकीच्या बैठकीचा.

एवढं होऊनही पुढची दहा-पंधरा वर्षं बाजार किरणांवरच चालला. स्वीडनमध्ये १९९० साली एमपीआर-२ आणि १९९२ साली तिथल्या कर्मचारी संघटनांच्या महासंघाचं टीसीओ-९२ ही मानकं आली आणि ‘लो रेडिएशन’चा शिक्का विक्रीचा मुद्दा झाला. आपल्याकडच्या कचेऱ्यांत पडद्यावर काळसर काचेचा फिल्टर अडकवलेला असायचा, तो त्याच काळातला. तिरीप कमी व्हायची एवढा त्याचा उपयोग खरा होता. पण अंतराची चर्चा किरणांच्या नावाने झाल्यामुळे, सपाट एलसीडी आले आणि किरणांचा प्रश्न संपला तशी ती चर्चाही थांबली. माझ्या मते खरं नुकसान इथे झालं.

दुसरं कारण नळीची खोली. १७ इंची जुना मॉनिटर मागे चाळीस सेंटिमीटरहून जास्त जायचा. आपल्या सुतारांनी प्लायवूडची जी कॉम्प्युटर टेबलं बनवली ती साधारण दोन फूट खोल, म्हणजे साठ-एकसष्ट सेंटिमीटर. मॉनिटरची पाठ भिंतीला टेकली तरी त्याचं तोंड टेबलाच्या कडेपासून वीतभर आत. कीबोर्डचा ट्रे बाहेर ओढून बसावं लागायचं, त्यामुळे माणूस आपोआप मागे सरायचा आणि डोळे कसेबसे पन्नास-पंचावन्न सेंटिमीटरवर यायचे. म्हणजे अंतर टेबल आणि नळी मिळून ठरवत होती. ज्यांनी टेबल कोपऱ्यात लावून मॉनिटरचं ढेरपोट कोनात सारलं, त्यांना थोडं जास्त अंतर मिळालं.

पडद्यावरची अक्षरं किती मोठी असावीत, याचा इतिहास तर आपल्या लिपीच्या वाटेलाही न जाता घडला. आयबीएमने १९२८ साली माहिती नोंदवायचं ८० रकान्यांचं छिद्रकार्ड आणलं. पुढे संगणकाच्या पडद्यावरची ओळ त्याच मापाने ८० अक्षरांची झाली आणि १९८१ च्या आयबीएम पीसीवरही तीच राहिली: ८० अक्षरं, २५ ओळी, सुमारे बारा इंची हिरवा पडदा. १९८४ च्या मॅकिंटॉशने पडद्यावर इंचाला ७२ ठिपके (पिक्सेल) धरले, कारण छपाईत अक्षरं पॉइंटांत मोजतात आणि इंचाला ७२ पॉइंट. पडद्यावरचं पान आणि कागदावरचं पान एकाच मापाचं दिसावं हा हेतू. मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी ९६ धरले. पडदा आपण कागदापेक्षा सुमारे एक तृतीयांश लांबून बघतो, तेव्हा अक्षर तेवढंच मोठं काढावं, हा त्यामागचा विचार. मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. अंतर हा त्यात पहिल्यांदा हिशेबाचा भाग झाला आणि आजही विंडोजमधलं ‘१०० टक्के’ म्हणजे तेच ९६.

देवनागरीची अडचण वेगळी. आठ ठिपक्यांच्या उंचीत इंग्रजी अक्षर जेमतेम मावतं. आपल्याला मात्र शिरोरेषा हवी, तिच्यावर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या कामातून पुढे पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेने संगणकात बसवायचं जिस्ट कार्ड बाजारात आणलं आणि विंडोजआधीच्या डॉसच्या पडद्यावर मराठी उमटली. विंडोज २००० सोबत मंगल हा फाँट आला. पण वर-खाली जागा राखून ठेवावी लागते म्हणून त्याच पॉइंटात देवनागरी अक्षराचा मुख्य भाग लहानच पडतो. बर्डी-महालातल्या डीटीपीवाल्यांकडे किंवा जिल्हा न्यायालयाजवळ अर्ज टाइप करून देणाऱ्यांकडे पाहा. ‘पु’ आहे की ‘पू’, अनुस्वार आहे की पडद्यावरचा डाग, हे तपासायला मान पुढे जाते. २००१ पासून एमएस-सीआयटीने गावोगाव संगणक पोचवला, पण झूम वाढवून मागे टेकून बसायची सवय काही तितकी पोचली नाही.

डोळ्यांना मुळात किती अंतर हवं असतं, यावरचं चांगलं काम जुनं आहे. स्वित्झर्लंडमध्ये एतियेन ग्राँज्याँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली काम करणाऱ्यांना बैठक स्वतःच्या सोयीने लावू दिली. लोकांनी निवडलेलं अंतर सरासरी पाऊण मीटरच्या आसपास निघालं, त्या काळच्या शिफारशींपेक्षा जास्त. कारण समजण्यासारखं आहे. जवळचं पाहताना डोळ्यातलं भिंग फुगतं आणि दोन्ही डोळे आत वळतात, हे स्नायूंचं काम आहे. बघायला काहीच नसेल, गडद अंधार असेल, तेव्हा भिंग अनंतावर न जाता साधारण पाऊण मीटरच्या थोडं आत स्थिरावतं, अर्थात माणसागणिक बराच फरक असतो. अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा संस्थेची आजची शिफारस ५० ते १०० सेंटिमीटरची आहे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली ठेवावी, असंही ती सांगते.

मग पडदे रुंद झाले आणि तिरक्या मापाने पुन्हा फसवलं. जुना १७ इंची एलसीडी सुमारे २७ सेंटिमीटर उंच होता. त्याच्या जागी आलेला १८.५ इंची रुंद पडदा फक्त २३. इंच वाढले, उंची घटली! सरकारी टेबलांवर, दुकानांच्या गल्ल्यांवर हे १८.५ इंची मॉनिटर अजून भरपूर दिसतात आणि त्यांवर मराठी पत्राच्या जेमतेम अर्ध्या पानाला जागा होते. १७ इंचीची उंची परत हवी तर साडेएकवीस घ्यावा लागतो. २४ इंची पडद्याची उंची जवळपास ३० सेंटिमीटर, ए-फोर कागदाची २९.७. पान जुळवणाऱ्याला अख्खं ए-फोर मूळ मापात उभं दिसतं, म्हणून या कामाला मी २४ इंचीच सांगते.

त्याहून मोठं घ्यायचं तर ठिपके बघावेत. २४ इंची फुल एचडी (१९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या) पडद्यावर इंचाला सुमारे ९२ ठिपके येतात, म्हणजे ९६ च्या जवळ. तेच ठिपके २७ इंचांवर पसरले की इंचाला ८२ उरतात. त्यांचे दाणे वेगळे दिसू नयेत यासाठी सामान्य नजरेच्या माणसाला मीटरभर मागे बसावं लागेल आणि दोन फुटी टेबलावर ते जमत नाही. २७ इंचीला २५६० गुणिले १४४० ठिपके हवेत, मग ऐंशी सेंटिमीटर पुरतात. ३२ इंची फोर-के (३८४० गुणिले २१६० ठिपके) साठ-पासष्ट सेंटिमीटरवरूनही रेशमासारखा दिसतो. पण साठ सेंटिमीटरवर त्याची रुंदी नजरेचा साठ अंशांचा कोन व्यापते, दोन्ही कडा वाचायला मान फिरवावीच लागते. भिंतीवर मॉनिटर धरणारा हलता आर्म लावून पडदा मागे नेता येत असेल तरच तो घ्यावा. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम सुरू झालं, तेव्हा दिवाणखान्याचा टीव्ही टेबलावर आणून जोडणारेही होते. त्यांच्या मानदुखीचं कारण या कोनातच आहे.

नागपूरचा उन्हाळा यात आणखी भर घालतो. १९९३ साली जपानी नेत्रतज्ज्ञांनी मोजलं होतं: निवांत असताना माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा पापणी मिटतो, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाच्या पडद्यापुढे ७ वेळा. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश आणि कुलरचा झोत थेट तोंडावर असेल, तर पापणी न मिटलेल्या डोळ्यावरचं पाणी लवकर उडतं. पडदा जरा खाली असला की नजर खाली झुकते, पापणी अर्धी उतरते आणि डोळा कमी उघडा राहतो. कुलरचा झोत पाठीवर किंवा बाजूला घ्यावा.

चाळिशीचा चष्मा बहुधा पुस्तकाच्या अंतराचा, म्हणजे चाळीस सेंटिमीटरचा असतो. तो लावून सत्तर सेंटिमीटरवरचा पडदा धूसर दिसतो, म्हणून माणूस पुढे वाकतो. बायफोकल असेल तर खालच्या भागातून बघायला हनुवटी वर करतो आणि संध्याकाळी मान धरते. तेव्हा मॉनिटर घ्यायच्या आधी खुर्चीत नेहमीसारखं टेकून बसा, डोळ्यापासून पडदा जिथे येईल तिथपर्यंत टेप लावून घ्या आणि तो आकडा नेत्रतपासणीला जाताना सोबत न्या. त्या अंतराचा वेगळा चष्मा करून मिळतो.