कोर्ट नाक्यावरचा एक प्रश्न

पोलीस आरोपीला रिमांडसाठी, म्हणजे कोठडीचा हुकूम घ्यायला, उभं करतात तेव्हा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी त्याला विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ ठाण्याच्या कोर्टात हा प्रश्न रोजचाच आहे. पण विचारणारा पोलिसांपासून मोकळा असावा, यासाठी कित्येक दशकं भांडावं लागलं.

१८६९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांत दिवाणी न्यायालयांची घडी बसली. फौजदारी काम मात्र बरंचसं महसूल खात्याकडेच राहिलं. कलेक्टर हाच जिल्हा दंडाधिकारी, पोलिसांवर देखरेखही त्याचीच. त्याच्या हाताखालचा मामलेदार, म्हणजे आजचा तहसीलदार, शेतसारा वसूल करी आणि त्याच कचेरीत मारामारी-चोरीचे खटलेही चालवी. आज ठाण्यात मामलेदार म्हटलं की मिसळ आठवते, पण ज्याच्याकडे सारा थकला त्याच्यासमोरच आरोपी म्हणून उभं राहणाऱ्या कुळाची काय गत होत असेल!

ही दोन कामं वेगळी करा, अशी काँग्रेसची मागणी एकोणिसाव्या शतकापासूनची. राज्यघटनेच्या कलम ५० मध्ये ती आली. मुंबई राज्याने १९५१ मध्ये त्यासाठी कायदा केला आणि १ एप्रिल १९७४ पासून तेव्हाच्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने देशभरचे न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली आणले. सरकारपासून मोकळ्या कोर्टाचं मोल नवी मुंबईच्या शेतकऱ्यांना विचारावं. ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी गेल्या, आणि सरकारने ठरवलेला मोबदला कमी वाटला तेव्हा दाद मागायला कोर्टच होतं.

कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश आणि न्यायदंडाधिकारी ही दोन्ही कामं आपल्याकडे बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात. सकाळी पट्टेवाला पुकारा करतो. तहकुबीचे अर्ज, मनाई हुकूम, चेक परत गेल्याचे खटले, साक्षीदाराचा उलटतपास. प्रत्येक प्रकरणात त्या दिवशी काय झालं ते रोजनाम्यात उतरायलाच हवं. निकालपत्र सांगायला स्टेनोबरोबर संध्याकाळच उरते.

मध्येच रिमांड येतो. अटकेपासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, आरोपीला हजर करावंच लागतं, मग रविवार का असेना. तक्रार आहे का, असं विचारल्यावर तो आधी शेजारच्या हवालदाराकडे बघतो आणि ‘नाही’ म्हणतो. चांगला न्यायाधीश तेवढ्यावर ‘तक्रार नाही’ लिहीत नाही. हवालदाराला दोन पावलं मागे व्हायला सांगतो, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो.