बांधकाम नियम बदलतायत, हरकत घ्यायचीय? आधी बेलापूरची बरोबर बिल्डिंग शोधा

परवा नवी मुंबईतल्या नेरूळच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. शासनाने बांधकाम नियम बदलायची सूचना काढून हरकती मागवल्या होत्या, त्यावर यांना हरकतीचं पत्र द्यायचं होतं. सत्तर सह्या, लेटरहेड, शिक्का सगळं जागच्या जागी, आणि पत्र दिलं कुठे तर महापालिकेत, सूचनेत पत्ता होता कोकण भवनचा, म्हणजे शासनाच्या विभागीय कार्यालयांच्या इमारतीचा. मुदत संपल्यावर कळलं.

यात त्यांचीच चूक म्हणता येत नाही. बेलापूरला सिडको (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) भवन, कोकण भवन आणि पालिकेचं मुख्यालय, तिन्हीकडे प्लॅनिंगवाले बसतात, माणूस गोंधळणारच. साधारण असं धरा (कलमं सगळी एमआरटीपीची, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याची): शहराचा प्रारूप विकास आराखडा (कलम २६) किंवा पालिकेनेच सुचवलेला फेरबदल (कलम ३७ पोटकलम १) असेल तर हरकत पालिकेत द्यायची. पण घरबांधणीचे नियम, म्हणजे डिसेंबर २०२० पासून लागू असलेली ती युनिफाइड (एकत्रित) नियमावली, शासन स्वतः बदलत असेल तर ते कलम ३७(१कक) खाली येतं आणि हरकत सूचनेत नाव दिलेल्या अधिकाऱ्याकडे जाते. आपल्या भागात ते बहुतेक वेळा कोकण भवनातले नगररचना सहसंचालक असतात. तरी सूचनेचा शेवटचा परिच्छेद वाचाच, पत्ता तिथेच असतो.

मुदत साधारण एक महिना. तो मोजायचा राजपत्रात सूचना आली त्या तारखेपासून, आणि लोक मोजतात पेपरात जाहिरात दिसली तेव्हापासून, किंवा ग्रुपवर पीडीएफ आली त्या दिवसापासून, तोपर्यंत आठवडा गेलेला असतो. पोस्टाच्या भरवशावर राहू नका. स्वतः जा, बारनिशीत (आवक खिडकीवर) द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. एका ऑफिसात मला "पोच कशाला, पत्र ठेवून जा" असं सांगितलेलं, मी वीस मिनिटं तिथेच उभा राहिलो, मग मिळाली.

हरकत कोण घेऊ शकतं? कोणीही. भाडेकरूसुद्धा. फी नाही.

कागदपत्रांपाशी मात्र लोक उगाच अडकतात. कोणीतरी सांगतं सातबारा लागेल. अहो, नोडमधल्या (सिडकोने वसवलेल्या वाशी-नेरूळसारख्या उपनगरातल्या) सोसायटीकडे सातबारा कुठून येणार, जमीन सिडकोची, आपण लीजवर, आणि कित्येक ठिकाणी बिल्डरने लीज सोसायटीच्या नावावर करूनच दिलेली नाही. ती शोधत बसाल तर महिना संपेल. कायद्याला लेखी हरकत हवी, मालकीचा पुरावा नाही. मी पत्त्यासाठी लाइट बिलाची झेरॉक्स लावतो, बास. सोसायटीच्या नावाने देत असाल तर कमिटीचा ठराव जोडा, नाहीतर सुनावणीत "तुम्ही कोणाच्या वतीने बोलताय" हा प्रश्न येतो.

आता मजकूर. "आमचा तीव्र विरोध आहे" असं लिहिलेली शंभर पत्रं एका ओळीत निकाली निघतात. कुठला नियम, प्रस्तावित वाक्य काय, त्याऐवजी काय हवं, एवढं लिहा. वाशीच्या एका काकूंनी टेप घेऊन सोसायटीसमोरचा रस्ता मोजला, कागदावर नऊ मीटर, दोन्ही बाजूच्या गाड्या वजा जाता साडेतीन उरला, फोटो लावले. युनिफाइडमध्ये एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल ते प्रमाण) रस्त्याच्या रुंदीला बांधलेला आहे, त्यामुळे असा मुद्दा टाळणं अवघड जातं.

एक प्रत पालिकेच्या नगररचना विभागालाही द्या. १कक मध्ये आलेल्या हरकती शासन पालिकेकडे पाठवतं आणि पालिकेला अभिप्राय द्यायला एक महिना असतो. पालिकेची स्वतःची काळजी मांडायची जागा हीच. नियम मंत्रालयात ठरतो, वाढलेल्या मजल्यांचं सांडपाणी आणि कचरा पालिकेच्या गळ्यात. आपल्याकडे निदान मोरबे धरण पालिकेचं आहे, अंबरनाथ-बदलापूरच्या नगरपरिषदांचं पाणीसुद्धा राज्याच्या जीवन प्राधिकरणाच्या हातात, त्यांनी वाढीव घरांना काय द्यायचं? पालिकेच्या इंजिनिअरला तुमचे टँकरचे हिशेब मिळाले तर अभिप्रायात चार ओळी तरी वाढतात.

सूचनेसोबत कलम १५४ चे निर्देश (शासनाने पालिकेला दिलेले आदेश) आहेत का तेही बघा. असतील तर बदल लगेच लागू झालेला असू शकतो, म्हणजे हरकती मागवतायत आणि नियमही चालू! वैताग येतो, पण म्हणून हरकत सोडू नका, अंतिम मंजुरी सुनावणीनंतरच होते.

सुनावणीचं पत्र बहुतेक पहिल्या सहीवाल्याच्या पत्त्यावर जातं. तिथे मुलाकडे पुण्याला राहणाऱ्या चेअरमनचं नाव घालू नका, जो रोज घरी असतो त्याचं घाला, मोबाइल नंबरसकट.