हाव्होद (व्हिव्हियन वसाहत)

वेल्समधील स्वॉन्झी शहराच्या उत्तरेस, टावे नदीकाठची कामगार वस्ती. वेल्श भाषेत ‘हाव्होद’ म्हणजे उन्हाळ्यात गुरे चारायला नेत तिथले घर. तांब्याच्या भट्ट्या आल्यावर गुरे सोडा, गवतही टिकले नाही.

कॉर्नवॉलच्या व्हिव्हियन घराण्याने 1810 मध्ये येथे तांबे गाळण्याचा कारखाना काढला. खनिज कॉर्नवॉलचे, पुढे क्यूबा आणि चिलीचेही. पण ते वितळवायला कोळसा फार लागे. म्हणून कोळसा खनिजाकडे नेण्यापेक्षा खनिजच जहाजांतून कोळशाच्या दारी आणणे परवडे. कारखान्याचा सूत्रधार जॉन हेन्री व्हिव्हियन (1785–1855) जर्मनीत फ्रायबर्गला खाणविद्या शिकला होता. पुढे तो स्वॉन्झीचा खासदारही झाला.

कामगारांसाठी त्याने भट्ट्यांजवळच घरांच्या रांगा उभारल्या. या वस्तीला ‘ट्रेव्हिव्हियन’ म्हणत. आपल्याकडे ‘व्हिव्हियनवाडी’ म्हणावे तसे. शाळा कंपनीची, आणि 1880 मधील संत जॉनचे चर्चही याच घराण्याच्या पैशाने झालेले. ग्रॅहम, ओडो ही रस्त्यांची नावे घरातल्या मुलांची. भट्टीतली धातुमळी, म्हणजे तांबे गाळल्यावर उरणारा टाकाऊ रस, साच्यात ओतून तिचे काळे ठोकळे करीत आणि भिंतींच्या माथ्यावर बसवीत. कारखान्याचा कचराही वस्तीत चिणला गेला, असेच म्हणावे लागेल.

धुराचे मात्र काय करायचे, हे बराच काळ कुणालाच उमगले नाही. त्यात गंधकाचे आणि आर्सेनिकचे अंश असत. पलीकडची किल्व्ही टेकडी उघडीबोडकी झाली. 1820च्या दशकारंभी उपायासाठी हजार पौंडांचे बक्षीस ठेवले गेले. हंफ्री डेव्ही आणि मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञांनीही या धुराकडे लक्ष घातले. 1833 मध्ये शेतकऱ्यांनी कंपनीवर भरलेला खटला फसला. 1860च्या दशकात जॉन हेन्रीचा मुलगा हेन्री हसी व्हिव्हियन याने नव्या भट्ट्या बसवून धुरातील गंधकापासून सल्फ्युरिक आम्ल काढले. उपद्रव थोडा घटला, नफा वाढला. स्वतः व्हिव्हियन कुटुंब राहत होते ते शहराच्या पश्चिमेला, सिंगलटन येथे. वारे बहुधा नैर्ऋत्येचे असल्याने धूर तिकडे क्वचितच जाई. तो वाडा आज विद्यापीठाकडे आहे.

1924 मध्ये हाव्होद आणि शेजारचा मॉर्फा हे कारखाने एक झाले. 1980 मध्ये काम थांबले. ओसाड खोऱ्याचा अभ्यास 1961 पासून सुरू झाला आणि मळीचे ढीग हटवून झाडे लावली गेली. 2023 पासून कारखान्याच्या जागेत व्हिस्कीची भट्टी चालते.