चालणारी त्वचा आणि कानाचा पडदा

'पडदा फाटलाय, ऑपरेशनमध्ये शिवून देणार आहेत,' असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. कानाच्या पडद्याला टाका घालत नाहीत. जेमतेम 0.1 मिलिमीटर जाडीचा आणि सेंटिमीटरभरही रुंद नसलेला तो पापुद्रा. त्यात सुई खुपसली तर भोक वाढेलच. ऑपरेशन झालेल्यांच्या कानामागे टाके दिसतात ते तिथल्या त्वचेचे. दुसरा गैरसमज याच्या अगदी उलट: चष्म्याची काच बदलावी तसा जुना पडदा काढून कृत्रिम पडदा बसवतात. तेही खरं नाही. मग टिंपॅनोप्लास्टी नावाच्या या शस्त्रक्रियेत करतात तरी काय, आणि तिच्या इतक्या निरनिराळ्या पद्धती कशासाठी?

आधी पडद्याचं काम थोडक्यात. आंतरकर्णात द्रव भरलेला असतो. हवेतून आलेला आवाज थेट द्रवावर आदळला तर त्याची 99.9 टक्के ऊर्जा परत फिरते. म्हणून मध्ये पडदा आणि हातोडी, ऐरण, रिकीब ही तीन हाडं. पडद्याचा कंप पावणारा भाग सुमारे 55 चौरस मिलिमीटर, रिकिबीचा तळवा सुमारे 3.2. मोठ्या जागेवरचं बल छोट्या जागेवर एकवटतं, म्हणजे दाब 17 पट. त्यात हाडांच्या तरफेचा 1.3 पट फायदा मिळून हिशेब 22 पटींपर्यंत जातो. पडद्याला छिद्र पडलं की त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मावळतो आणि ही कमाई घटते. छिद्र जितकं मोठं तितकं ऐकू येणं कमी, आणि पहिला फटका बसतो तो खालच्या पट्टीतल्या आवाजांना.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. पडद्याची त्वचा चालते! शब्दशः चालते. आपल्या अंगावरची बाकीची त्वचा जागच्या जागी वर सरकते, झिजते आणि गळून पडते. कानाच्या बोळात तसं झालं असतं तर मृत पेशींचा ढीग साचून काही वर्षांत बोळ बंद झाला असता. म्हणून पडद्यावरची त्वचा मध्यभागाकडून कडेकडे आणि तिथून बोळाच्या भिंतीवरून बाहेर सरकत राहते. वेग दिवसाला साधारण 0.1 मिलिमीटर, म्हणजे नखं वाढतात तितकाच. पडद्यावर शाईचे ठिपके देऊन ते आठवड्यांमागून आठवडे कसे सरकतात हे संशोधकांनी नोंदवून ठेवलं आहे. कानातला मळ आपोआप बाहेर येतो तो याच सरकत्या पट्ट्यावरून. काडी घालून आपण तोच मळ उलट आत ढकलतो. कानात मेणबत्ती पेटवून मळ 'ओढून काढणारे' लोक दाखवतात तो अवशेष त्या मेणबत्तीचाच असतो. आणि छिद्र असलेल्या कानात तेल सोडणं तर सरळ धोक्याचं, कारण ते छिद्रातून मध्यकर्णात उतरतं.

ही चालणारी त्वचाच पडदा दुरुस्त करते. एरवी जखम भरते तेव्हा आधी खालून मांस भरून येतं आणि मग त्यावर त्वचा चढते. पडद्याच्या जखमेला खालून आधारच नसतो, खाली नुसती हवा. इथे त्वचा आधी पुढे सरकते, पोकळीवरून पूल बांधत जाते आणि मधला तंतूंचा थर मागाहून येतो, कधी येतच नाही. थप्पड, स्फोट किंवा काडी लागून पडलेली बहुतेक छिद्रं काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत अशीच आपली आपण बुजतात. त्या काळात कान कोरडा ठेवायचा आणि वाट पाहायची, एवढंच.

मग काही छिद्रं वर्षानुवर्षं उघडी का राहतात? पडद्याला तीन थर असतात: बाहेर त्वचा, मध्ये तंतू, आत मध्यकर्णाचं ओलसर अस्तर. वारंवार कान फुटत राहिला की बाहेरची त्वचा छिद्राच्या कडेवरून आत वळते आणि आतल्या अस्तराला जाऊन भिडते. दोन्ही थर भेटले की पेशींच्या लेखी जखम भरलेली असते. पुढे जाण्याचं कारण उरत नाही. कापडाच्या भोकाला काठ शिवून काज करावं तसं ते छिद्र पक्कं होतं.

म्हणून कुठल्याही पद्धतीत शल्यविशारद पहिलं काम करतो ते छिद्र पुन्हा ताजं करण्याचं. बारीक सुईने कडेभोवती टोचे मारत जातो, पोस्टाच्या तिकिटाला असतात तशी भोकांची रांग तयार होते, आणि मग ती गोल कड चिमट्याने सोलून काढतो. छिद्र आधीपेक्षा थोडं मोठं होतं. पण आता ती पुन्हा जखम असते. त्वचा पुन्हा चालू लागते. फक्त तिला चढायला मांडव हवा.

मांडव कशाचा, हा शोध जुना आहे. 1640 साली मार्कुस बांत्सर यांनी नळीवर ताणलेलं डुकराचं मूत्राशय कानात बसवण्याची युक्ती सांगितली. एकोणिसाव्या शतकात लंडनचे टॉयन्बी रबराची चकती वापरत, तर बोस्टनचे ब्लेक कागदाचं ठिगळ लावत. हे ठिगळ लहान छिद्रावर आजही लावतात आणि त्याची गंमत अशी की काम झाल्यावर चालती त्वचाच कागदाला उचलून बोळातून बाहेर आणते. 1950 च्या दशकात जर्मनीत वुलस्टाइन आणि त्सोलनर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली आधुनिक टिंपॅनोप्लास्टी उभी केली. त्यांनी मांडवासाठी त्वचाच वापरली, आणि तिथेच गाडं अडलं. लावलेली त्वचा सुजायची, तिचे पापुद्रे सुटायचे, खाली गाठी व्हायच्या. वेलीला मांडव हवा होता आणि त्यांनी दुसरी वेल आणून लावली होती.

उत्तर सापडलं ते कानाच्या वरच. दातावर दात दाबून कानशिलाच्या वर बोट ठेवा. फुगतो तो चावण्याचा स्नायू. त्यावरचं पांढरं पातळ आवरण म्हणजे फॅशिया. त्याचा तुकडा ताजा असताना ओल्या कागदासारखा लुळा असतो. सपाट पट्टीवर पसरून वाळवला की पतंगाच्या कागदासारखा कडक आणि अर्धपारदर्शक होतो, मग तो मापाने कापता येतो. त्यात त्वचा नाही, पेशी थोड्या, सगळं कोलॅजन या चिवट प्रथिनाचं जाळं. सुरुवातीचे दिवस तो आजूबाजूच्या स्रावावर तगतो, मग त्यात रक्तवाहिन्या शिरतात. म्हणजे कलम धरलं.

हे कलम कुठे ठेवायचं यावर खरा वाद आहे. एक रीत पडद्याच्या वरून लावण्याची: उरलेल्या पडद्यावरची त्वचा सोलायची आणि तंतूंच्या थरावर फॅशिया अंथरायचा. पुढच्या बाजूचं किंवा फार मोठं छिद्र असेल तर आधार भक्कम मिळतो. पण त्वचेचा कण जरी कलमाखाली राहिला तरी तो वाढत राहतो, त्याचा मोत्यासारखा गोळा होतो आणि पुढे हाडं खाणारी कोलेस्टिॲटोमा नावाची गाठही होऊ शकते. शिवाय पडदा आणि बोळाची पुढची भिंत यांमधला अरुंद कोन भरून येतो, किंवा कलम हातोडीपासून सुटून बाहेर सरकतं. मग पडदा अखंड दिसतो पण ऐकू येत नाही. दुसरी रीत आतून लावण्याची: बोळाची त्वचा आणि पडदा पानासारखा उलटायचा, कलम आत सारायचं, खाली जिलेटिनचा विरघळणारा स्पंज टेकू म्हणून भरायचा आणि पान परत मिटायचं. त्वचा अडकण्याची भीती कमी, आणि हात बसायला तुलनेने सोपी, म्हणून हीच अधिक रूढ झाली. तिचं दुखणं पुढच्या छिद्रांचं: तिथे टेकू नीट मिळत नाही आणि कलम आत पडतं. तिसरी रीत या दोहोंमधली आहे: कलम पडद्याच्या आत पण हातोडीच्या दांडीच्या वर.

फॅशियाची उणीव एकच, तो मऊ आहे. घशाकडे जाणारी नळी नीट उघडत नसेल तर मध्यकर्णातला दाब घटतो आणि नवा पडदा आत खेचला जातो. तिथे कूर्चा, म्हणजे कानाला ताठ आकार देणारा चिवट भाग, वापरतात; कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यातली किंवा बाहेरच्या कानाच्या वाटीतली. ती वाकत नाही आणि रक्तपुरवठ्यावाचूनही टिकते. कडक पडद्याने ऐकू कमी येईल ही शंका रास्त होती. पण कूर्चा अर्धा मिलिमीटरपर्यंत तासली तर ऐकू येण्यात फॅशियाच्या तुलनेत फारसा फरक पडत नाही, आणि कलम धरण्याचं प्रमाण कूर्चेचं थोडं वरचढच भरतं. तरी ही तुलना जपून वाचावी, कारण अवघड कान बहुधा कूर्चेच्या वाट्याला येतात. तिचा एक तोटा मात्र कायमचा: ती अपारदर्शक आहे, मागे काय शिजतंय ते डॉक्टरला दिसत नाही. अगदी छोट्या छिद्राला कानाच्या पाळीतल्या चरबीचा बोळा पुरतो.

'दुर्बिणीने, टाक्याविना' या जाहिरातींबद्दल दोन शब्द. एंडोस्कोपने बोळातूनच सगळे कानाकोपरे दिसतात, कानामागची चीर वाचते, हा फायदा खरा. पण एक हात दुर्बीण धरण्यात अडकतो, रक्त आलं की पंचाईत होते. कलम धरण्याचं प्रमाण सूक्ष्मदर्शकाने केलं काय किंवा दुर्बिणीने, जवळपास सारखंच. नजर बदलली म्हणून मांडव बदलत नाही.

ऑपरेशननंतर कान भरलेलाच असतो, तेव्हा पहिल्या आठवड्यांत ऐकू आलं नाही म्हणून घाबरू नये; श्रवणचाचणी दोन-तीन महिन्यांनी करतात. तोवर नाक जोरात शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, नाहीतर घशाकडून आलेली हवा कलम उचलते.

आता कलमही वगळता येईल का, हे पाहणं चालू आहे. पेशींना वाढीचा इशारा देणाऱ्या प्रथिनात भिजवलेला जिलेटिनचा स्पंज छिद्रात बसवायचा, वरून जैविक गोंदाने बंद करायचं. चीर नाही, फॅशिया नाही. या उपचाराला जपानने 2019 मध्ये मान्यता दिली. तिथेही स्पंज बसवण्याआधी डॉक्टर सुई घेऊन छिद्राची कड सोलतो.