नौकांची वारी आणि नौकांची शर्यत

जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, आटोपला की मी आठ-दहा दिवसांसाठी सोलापूर सोडतो आणि कोकणात मित्राच्या 26 फुटी शिडाच्या होडीवर जाऊन राहतो. परत आलो की कट्ट्यावरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग, नंबर कितवा आला?" विचारणाऱ्याने मोबाइलवर फोटो पाहिलेला असतो. दहा-बारा शिडं एकाच अंगाला कललेली, सगळ्या होड्यांची तोंडं एकाच दिशेला. असा फोटो पाहून कोणालाही शर्यतच वाटेल. पण आम्ही गेलेलो असतो रॅलीला, आणि शर्यतींचा जो मेळावा भरतो त्याला रेगाटा म्हणतात. दोन्हींत होड्या त्याच, कित्येकदा माणसंही तीच. म्हणूनच घोटाळा होतो, आणि तो फक्त कट्ट्यावर होत नाही, पाण्यावरही होतो. पाण्यावरचा घोटाळा मी स्वतःच्या खांद्यावर घेतलेला आहे, ते पुढे सांगतो.

आपल्याकडच्या माणसाला रॅली समजायला अवघड जाऊ नये, कारण आपल्या जिल्ह्यातून दर आषाढात तसंच काहीतरी जातं. आळंदीची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात येते. पोहोचायचा दिवस ठरलेला, मुक्काम ठरलेले, वाखरीला सगळ्यांची गाठ. वाटेत कोणाची चप्पल तुटते, कोणाचा पाय सुजतो, दिंडी थांबून घेते. पंढरपुरात पहिला पाय कोणाचा पडला हे कोणी विचारत नाही. किनाऱ्याने जाणाऱ्या होड्यांची रॅली अशीच असते: आज या खाडीतून निघायचं, संध्याकाळी पुढच्या खाडीत नांगर टाकायचा, आणि सगळे आले की जेवायला बसायचं. रेगाट्यात मात्र घड्याळ, रेषा आणि पंच असतात. निकाल लागला नाही तर रेगाटा झालाच नाही.

फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो निघताना. शर्यतीची सुरुवात ही एक कल्पित रेषा असते, एका टोकाला पंचांची बोट आणि दुसऱ्या टोकाला बोया, म्हणजे नांगरलेली तरंगती खूण. 5 मिनिटं आधी पहिला बावटा, 4 मिनिटं आधी दुसरा, 1 मिनिट उरलं की तो दुसरा खाली आणि शून्याला सुटायची खूण. शिडाच्या होडीला ब्रेक नाही. त्यामुळे ही 5 मिनिटं सगळ्या होड्या रेषेमागे घिरट्या घालत, एकमेकींचा वारा अडवत, नेमक्या सेकंदाला भर वेगात रेषेवर येण्याची खटपट करत असतात. नाक जरी आधी पुढे गेलं तरी पांढऱ्यावर निळ्या फुलीचा बावटा चढतो आणि परत मागे येऊन पुन्हा निघावं लागतं. छोट्या शर्यतीत अर्धा निकाल इथेच लागतो, असं जुने शर्यतवाले सांगतात आणि मला ते पटतं.

रॅलीत निघायची वेळ पंच ठरवत नाही, भरती ठरवते. कोकणातल्या बऱ्याच खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो. ओहोटीला तिथे पाणी इतकं कमी होतं की बुडाला खोल कणा असलेली होडी टेकते. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे काल सकाळी सहाला निघालो तर आज सातच्या आसपास. आणि सगळे एकदम निघत नाहीत. सर्वांत हळू होडी आधी जाते, वेगवान होडी चहा घेऊन मागाहून निघते, म्हणजे मुक्कामी सगळे उजेडात पोहोचतात. (शर्यतीचाही एक प्रकार असा आहे, ज्यात हळू होडीला आधी सोडतात आणि शेवटच्या रेषेवर जी पहिली ती जिंकते. लांबून बघणाऱ्याने त्याला रॅली म्हटलं तर मी त्याला काही बोलणार नाही.)

वेगाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. आमच्यासारखी होडी बऱ्या वाऱ्यात 5 नॉटने जाते. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, आणि सागरी मैल 1852 मीटरचा. पाच तासांत 25 मैल, म्हणजे 46 किलोमीटर. सोलापूरहून तुळजापूरला जायला एवढंच अंतर आहे आणि एसटीला तासभर पुरतो. या गतीने दिवस काढायचा तर घाई नावाची वस्तू किनाऱ्यावर ठेवून यावी लागते.

इंजिनाचा नियम सोपा. शर्यतीत होडी फक्त वारा आणि पाण्याच्या जोरावर चालली पाहिजे. रॅलीत वारा पडला की किल्ली फिरवायची, त्यात कमीपणा नाही. अटलांटिक ओलांडणारी जी मोठी रॅली 1986 साली जिमी कॉर्नेल यांनी सुरू केली आणि जिच्यात पहिल्याच वर्षी दोनशेहून अधिक नौका होत्या, तिथे इंजिन चालवलेले तास लिहून द्यावे लागतात आणि त्याचा हिशोब निकालात धरतात. म्हणजे तिथे वारीतच थोडी शर्यत मिसळलेली आहे.

शर्यतीत निकालसुद्धा डोळ्यांना दिसतो तसा नसतो. लांब होडी मुळातच वेगवान, म्हणून प्रत्येक प्रकाराला एक आकडा देतात. एका पद्धतीत लागलेला वेळ गुणिले 1000, भागिले तो आकडा, असा हिशोब करतात. समजा 1000 आकड्याची होडी 80 मिनिटांत आली, तिचा वेळ 80च राहिला. 1200 आकड्याची 90 मिनिटांत आली, तिचा झाला 75. दहा मिनिटं मागून येणारी जिंकली. किनाऱ्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांना हे संध्याकाळी फळ्यावर कळतं.

आता जिथे खरी गफलत होते ते. वाट कोणी द्यायची याचा मूळ नियम दोन्हीकडे एकच आहे. दोन शिडाच्या होड्यांना वारा वेगवेगळ्या बाजूंनी लागत असेल तर जिला डावीकडून लागतो तिने बाजूला व्हायचं. दोघींना एकाच बाजूने लागत असेल तर वाऱ्याकडच्या होडीने व्हायचं. इथपर्यंत शर्यतीचं नियमपुस्तक आणि टक्कर टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय सागरी नियम हातात हात घालून चालतात. पुढे वाटा फुटतात. शर्यतीत जिचा हक्क आहे ती होडी तो हक्क डाव म्हणून वापरते. मुद्दाम वारा येतो त्या बाजूला वळून शेजारणीला वर ढकलते, तिचा वेग मारते. समोरचीला बाजूला व्हायला जागा ठेवली की झालं. सागरी नियमात हे चालत नाही. जिचा हक्क आहे तिने आपली दिशा आणि वेग तसाच ठेवायचा, म्हणजे वाट देणाऱ्याला अंदाज बांधता येतो. आणि टक्कर टळत नाही असं दिसलं की तिनेही हलायचं. रॅली सागरी नियमांवर चालते. शर्यतीत मुरलेला माणूस रॅलीत आला आणि सवयीने शेजारच्या होडीला वर ढकलू लागला, तर सुकाणूवर बसलेल्या नवख्याला कळतच नाही की हा काय करतोय. हे मी पाहिलं आहे आणि पाहताना घशाला कोरड पडली आहे.

मासेमारी करणाऱ्या बोटीचं तर बोलायलाच नको. जाळं टाकलेल्या बोटीला वाट शिडाच्या होडीनेच द्यायची असते. कोकणात जाळ्याच्या टोकाला बांबूवर फडकं किंवा थर्माकोलचा तुकडा असतो, उन्हाच्या चकाकीत तो दिसत नाही. रॅलीत पुढच्या होडीने रेडिओवर मागच्यांना सांगायची पद्धत आहे: डावीकडे जाळं, बाहेरून या. शर्यतीत प्रतिस्पर्ध्याला अशी वाट कोण दाखवेल?

आता माझा खांदा. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, तो हलका. दुपारी वायव्येकडून खारा वारा चढतो. दक्षिणेला जाताना तो पाठीमागून येतो, आणि पाठचा वारा फसवा. खरा वारा 18 नॉटचा, होडी 6 नॉटने त्याच्याबरोबरच पळते आहे, तर अंगाला लागतो फक्त 12. सगळं छान चाललंय असं वाटतं. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. 10 चा 14 नॉट झाला की शिडावरचा जोर जवळपास दुप्पट होतो. म्हणून रॅलीतला रिवाज असा की वारा चढायच्या आधीच शीड आखडून घ्यायचं, आणि शिडाखालची आडवी दांडी, जिला बूम म्हणतात, ती दोराने पुढच्या बाजूला बांधून ठेवायची. त्या दिवशी आमच्याच मापाची एक होडी पाव मैल पुढे होती. कोणी काही बोललं नाही, पण तिला गाठायचं हे माझ्या आणि मित्राच्या, दोघांच्याही मनात आलं. शीड पूर्ण ठेवलं, दोर बांधायचा राहिला. एक लाट मागून तिरपी आली, होडीचं नाक फिरलं, वारा शिडाच्या दुसऱ्या अंगाला गेला आणि बूम या टोकाहून त्या टोकाला फटक्यासरशी आली. मी वाकलो म्हणून डोकं वाचलं. खांद्याला लागलं, ते दोन महिने पुरलं. पुढच्या होडीला तर माहीतही नव्हतं की तिच्याशी कोणी शर्यत लावली आहे.

वारीची शर्यत होण्याचं सर्वांत मोठं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. 1945 मध्ये सिडनीहून होबार्टला काही मित्र नाताळात सहज सफरीला निघणार होते. इंग्लंडच्या नौदलातला जॉन इलिंगवर्थ म्हणाला, शर्यतच का नाही करत? 26 डिसेंबरला 9 नौका सुटल्या आणि इलिंगवर्थच्या नौकेनेच ती जिंकली. नाव होतं 'रानी'. आज ती 628 सागरी मैलांची जगातल्या अवघड शर्यतींपैकी एक आहे. 1998 च्या वादळात तिथे सहा खलाशी गेले.

उलटंही घडलं आहे. 1968 ची एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत. नऊ जण निघाले, पूर्ण केली एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने, 312 दिवसांत, आणि त्याची 'सुहैली' आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानी. पण मला त्या शर्यतीतला फ्रेंच बर्नार मोईतेसिए जास्त जवळचा वाटतो. तो जिंकण्याच्या बेतात होता. घराकडे वळायचं सोडून तो तसाच पुढे निघाला आणि ताहितीला जाऊन थांबला. शर्यतीत उतरलेला माणूस अर्ध्या समुद्रात वारकरी झाला.

संध्याकाळ मात्र रॅलीचीच श्रीमंत. रेगाट्यात संध्याकाळी तक्रारी ऐकतात. शर्यतीत लाल बावटा दाखवून नोंदवलेली हरकत पंचांपुढे मांडतात, साक्षी होतात, कोणी बाद होतं. रॅलीत ठरल्या वेळी रेडिओ लावायचा. कोण पोहोचलं, कोणाचा पंप बिघडला, कोणाकडे जादा बेल्ट आहे, उद्याची भरती किती वाजता. मला दरवेळी माऊलींच्या तळावरची समाजआरती आठवते. चोपदार चोप उंचावतो, टाळ थांबतात, आणि ज्या दिंडीची तक्रार आहे तिचेच टाळ वाजत राहतात. मग तिचं ऐकून घेतात, हरवलं-सापडलं सांगतात. इतकी चोख व्यवस्था मी कुठल्याच बंदरात पाहिलेली नाही.

नंतर होड्या एकमेकींना बांधतात. मधल्या एकीचाच नांगर, बाकीच्या तिच्या कुशीला, मधे रबरी फुगे. शेजारच्या दोन डोलकाठ्या अगदी समोरासमोर येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर लाटेवर हेलकावताना वरची आडवी टोकं एकमेकांवर आपटतात. वारा वाढला तर जेवण अर्धवट टाकून सुटायचं आणि प्रत्येकाने आपापला नांगर टाकायचा. ओहोटीला 3 मीटर पाणी, भरतीचे आणखी 2, नाकाची उंची 1, असे 6 मीटर. त्याच्या पाचपट म्हणजे 30 मीटर साखळी सोडायची. जो आधी नांगरला त्याच्या घेऱ्यात मागून येणाऱ्याने यायचं नाही.

सामानावरूनही ओळखता येतं. शर्यतवाला वजन कमी करायला जादा दोरसुद्धा उतरवून ठेवतो. आमच्या होडीत कडक भाकरीचे दोन डबे आणि शेंगा चटणी माझ्याकडून असते. चूल पेटवायला नको, दमट हवेत डबा घट्ट लावला तर भाकरी शेवटच्या दिवसापर्यंत मोडताना आवाज करते. दुसऱ्या मुक्कामापर्यंत शेजारच्या होड्यांतून ताटल्या यायला लागतात.

कोणी तुम्हाला अशा मेळाव्याला बोलावलं तर सूचनापत्रक मागून घ्या. त्यात सुटायची रेषा, वेळेचा आकडा, हरकतीची मुदत असेल तर तो रेगाटा. हातमोजे घ्या आणि बावट्यांचा अर्थ पाठ करा. त्यात भरतीच्या वेळा, मुक्कामाच्या खाड्या आणि रेडिओची वेळ असेल तर ती रॅली. दोन्ही असेल, आणि हल्ली बऱ्याचदा असतं, तर कप्तानाला निघण्याआधीच विचारा की आपण कशाला चाललो आहोत, आणि उत्तर होडीवरच्या सगळ्यांना ऐकू येईल असं विचारा.