मशीन ‘बसलं’ म्हणजे नक्की काय झालं?

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझ्या मित्राचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नसराईत तिथं पत्रिकांच्या गठ्ठ्यांतून वाट काढत आत जावं लागतं. परवा भर दुपारी त्याचा फोन आला, “भावा, मशीन परत बसलंय. बटण दाबून बंद करू काय?”

म्हटलं, थांब. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. मशीनवर काय काय चाललंय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडायलाच अर्धा मिनिट गेला.

“सीपीयू किती?” “बारा टक्के.” “मेमरी?” “शहाण्णव.” “डिस्क?” “शंभर!”

आजार या तीन आकड्यांतच होता. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, तो जवळजवळ रिकामा बसून होता आणि तरी माउस हलत नव्हता. हे नीट समजलं, की कॉम्प्युटरची निम्मी भीती जाते.

डिस्कवर पडलेला प्रोग्रॅम म्हणजे नुसती फाइल. तो उघडला की त्याची ‘प्रोसेस’ होते. तिला मेमरीत जागा मिळते आणि प्रोसेसरवर पाळी मिळते. ही पाळी काही मिलिसेकंदांची असते, म्हणून शंभर-दीडशे प्रोसेस एकाच वेळी चालल्यासारख्या वाटतात. पण जिला हवी ती माहिती अजून डिस्कवरून यायची आहे, तिला पाळी देऊन उपयोग नसतो. ती बाजूला थांबते. मित्राच्या मशीनवर जवळपास सगळ्याच थांबल्या होत्या.

त्याच्याच दुकानात बघा. कामाचं टेबल म्हणजे मेमरी आणि वरचा माळा म्हणजे हार्ड डिस्क. टेबल भरलं की एक गठ्ठा माळ्यावर टाकायचा आणि दुसरा खाली आणायचा. मेमरीतून माहिती उचलायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कवरून सुमारे 10 मिलिसेकंद. म्हणजे लाखपट. टेबलावरचा कागद उचलायला एक सेकंद लागत असेल, तर माळ्यावरचा हातात यायला जवळजवळ 28 तास! मेमरी पुरेनाशी झाली की मशीन सगळा वेळ या चढउतारातच घालवतं. या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी 1968 सालीच तिची कारणं मांडली होती.

पत्रिकेच्या खिडकीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असं आलं होतं आणि मित्राचा हात ‘एंड टास्क’वर गेला होता. मी ओरडलोच. खिडकीनं सुमारे पाच सेकंद उत्तर दिलं नाही, की विंडोज तसं लिहितं. प्रोग्रॅम मेला, असा त्याचा अर्थ नाही. ‘एंड टास्क’नं प्रोग्रॅम जबरदस्तीनं बंद पडतो, सेव्ह न केलेलं काम जातं. पत्रिकेत सकाळपासूनची दोन्ही घरच्या पाहुण्यांची नावं होती.

मग मेमरीच्या रकान्यावर क्लिक करायला सांगितलं. सगळ्यात वर ब्राउझर होता, तेवीस टॅब उघडे. बहुतेक टॅबची वेगळी प्रोसेस असते, म्हणून त्याचं एकच नाव रांगेनं दिसतं. आधी ब्राउझर बंद केला आणि वाट पाहिली. दोनेक मिनिटांत डिस्कचा आकडा खाली आला, पत्रिका जागी झाली. पहिलं काम सेव्ह.

ओळखीचं नाव नाही म्हणून कुठलीही प्रोसेस मारू नये. ‘एसव्हीसीहोस्ट’ डझनावारी दिसतात, त्या विंडोजच्याच सेवा चालवतात. शंका आली तर राइट क्लिक करून फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते बघावं. ‘सिस्टीम आयडल प्रोसेस’समोर नव्वद टक्के दिसले, तर प्रोसेसर तेवढा मोकळा आहे, एवढंच.

संध्याकाळी दुकानात जाऊन ‘स्टार्टअप’ची यादी बघितली. मशीन सुरू होतानाच आठ प्रोग्रॅम उठत होते, त्यातला एक कधीच विकून टाकलेल्या प्रिंटरचा. पाच बंद केले. मशीनमध्ये मेमरी 4 जीबीच आहे. आणखी 4 जीबी टाकायचं ठरलंय, लग्नसराईचे पैसे हातात आले की.

काल पुन्हा फोन आला. “मेमरी ब्याण्णव, डिस्क चाळीस. ब्राउझर बंद करतोय, पत्रिका सेव्ह केलीय.”